वास्को द गामा आणि मलप्यासमोरची निर्मनुष्य बेटे : नाव, नोंद आणि खडक

१/२०
कर्नाटकात उडुपीजवळ मलपे नावाचे बंदर आहे. या बंदरासमोर, किनाऱ्यापासून सुमारे सहा किलोमीटरवर, समुद्रात खडकाळ बेटांची एक ओळ दिसते. ही सेंट मेरी बेटे. त्यांच्यावर वस्ती नाही. तरीही त्यांच्याविषयी एक विधान पर्यटनाच्या माहितीत आणि समाजमाध्यमांवर सतत फिरत असते : 'वास्को द गामाने भारतात सर्वांत आधी पाऊल ठेवले ते येथे, येथून मग तो कालिकतला गेला.'

हे विधान खरे आहे का, आणि ज्या भूमीवर कोणी राहतच नाही तिचा इतिहास लिहायचा तरी कशाच्या आधारे, या दोन प्रश्नांवर हा थ्रेड आहे.

२/२०
निर्मनुष्य बेटावर शिलालेख नसतात, दफ्तरे नसतात, वंशावळी नसतात. तेथे इतिहासाच्या अभ्यासकाजवळ तीनच साक्षीदार उरतात : बेटाचे नाव, जाणाऱ्या-येणाऱ्यांनी केलेली लेखी नोंद आणि खुद्द बेटाचा खडक.

हे तिघेही सारख्याच भरवशाचे नाहीत. नाव पुष्कळदा फसवते. नोंद करणारा काही गोष्टी अचूक टिपतो आणि काहींचा विपर्यास करतो. खडक खोटे बोलत नाही. पण त्याची भाषा शिकल्याशिवाय तो काही सांगतही नाही. म्हणून आरंभ खडकापासून करू. गामाकडे आपण नंतर येऊ.

३/२०
प्रथम भूगोल. या समूहात चार मोठी बेटे आहेत : कोकोनट आयलंड म्हणजे नारळाचे बेट, उत्तर बेट, दर्याबहादूरगड आणि दक्षिण बेट. त्यांच्या आजूबाजूला लहानमोठे खडक पाण्यातून डोके वर काढून आहेत. सारी ओळ किनाऱ्याला साधारण समांतर, उत्तर-दक्षिण पसरलेली आहे.

आकाराने ही बेटे अगदी लहान. नारळाचे बेट लांबीला सुमारे पाचशे मीटर, रुंदीला सुमारे शंभर. आणि समुद्रसपाटीपासून त्याची उंची दहा मीटरांच्या आसपास. त्याच्या काही भागात वाळूऐवजी शंखशिंपल्यांचा खच पडलेला दिसतो. पावसाळ्यात समुद्र खवळला की मलप्याहून येथे येणाऱ्या होड्या बंद होतात. इतक्या सखल आणि तोकड्या जमिनीवर गाव वसत नाही, हे ओघानेच आले.

४/२०
या बेटांना प्रसिद्धी मिळाली ती त्यांच्या दगडी खांबांमुळे. पाच, सहा, क्वचित सात बाजूंचे खांब एकमेकांना खेटून उभे आहेत. काहींची उंची सहा मीटरांपर्यंत जाते. पाहणाऱ्याला वाटावे, कोणी पाथरवटाने ते घडवून रचले आहेत.

हे काम लाव्हाचे आहे. लाव्हाचा जाड थर थिजू लागला की तो आकसतो. आकसताना त्याला ताण सहन होत नाही आणि तो तडकतो. या भेगा ज्या पृष्ठभागाकडून थर निवत असतो त्याला काटकोनात आत आत शिरत जातात. कमीत कमी भेगांत जास्तीत जास्त ताण मोकळा व्हायचा, तर षट्कोनाच्या जवळपास जाणारा आकारच सोयीचा ठरतो. म्हणून खांब बहुधा सहा बाजूंचे.

५/२०
मी अक्कलकोटचा. आमच्याकडे हे समजावण्यासाठी ज्वालामुखी लागत नाही. वैशाखात काळी भुई भेगाळते तेव्हा रानात उभे राहून खाली पाहावे : ढेकळांचे पाच-सहा बाजूंचे तुकडे सुटे झालेले दिसतात. तेथे माती पाणी गमावून आकसते, येथे लाव्हा उष्णता गमावून आकसला. आकसण्याचा न्याय तोच.

असे खांब महाराष्ट्रातही आहेत. मुंबईत अंधेरीची गिल्बर्ट हिल, कोल्हापूर जिल्ह्यात पन्हाळ्याच्या परिसरातील बांदिवडे ही त्यांची ठिकाणे. जगात सर्वांत गाजलेले उदाहरण उत्तर आयर्लंडमधील जायंट्स कॉजवे, जेथे सुमारे चाळीस हजार खांब समुद्रात उतरत गेलेले आहेत.

६/२०
येथेच पहिला गैरसमज जन्मतो. महाराष्ट्रातील खांब आणि मलप्याचे खांब सारखे दिसतात. तेव्हा दोन्ही दख्खनच्याच लाव्हाचे, असे आपण धरून चालतो. तसे नाही.

दख्खनचा लाव्हाप्रदेश, ज्याला आपण 'दख्खन ट्रॅप' म्हणतो, आजही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर पसरलेला आहे. सोलापूर जिल्हा त्याच्याच आग्नेय कडेला येतो. अक्कलकोटच्या जुन्या वाड्यांच्या काळ्या भिंती या दगडाच्या. पण त्याच घरांतली फरशी शहाबादी. ती येते शेजारच्या कलबुर्गी जिल्ह्यातून. त्या बाजूला लाव्हाचे थर संपतात आणि त्यांच्याखालचा, कितीतरी अधिक जुना चुनखडक उघडा पडतो. म्हणजे एकाच घरात भिंत लाव्हाची आणि जमीन लाव्हाच्याही आधीची. दख्खनच्या लाव्हाची सीमा आमच्या इतकी जवळ आहे. मलपे त्या सीमेच्या पुष्कळ दक्षिणेला आहे.

७/२०
दिसण्यावरून वय ठरत नाही, तर मग ते ठरते कशावरून? खडकातल्या पोटॅशियमचा एक किरणोत्सारी प्रकार अत्यंत मंद गतीने अरगॉन वायूत बदलत असतो. खडक वितळलेला असताना हा वायू निसटून जातो. तो घट्ट झाला की नव्याने तयार होणारा अरगॉन आतच अडकून पडतो. अडकलेला अरगॉन मोजला की खडक केव्हा थिजला ते काढता येते.

दख्खनच्या लाव्हाचे वय येते सुमारे ६.६ कोटी वर्षे. सेंट मेरी बेटांचे येते साडेआठ ते नऊ कोटी वर्षांच्या आसपास. दोहोंत सुमारे दोन कोटी वर्षांचे अंतर. खडकाची जातही निराळी : दख्खनचा बहुतांश दगड बेसॉल्ट, तर या बेटांचा खडक सिलिकाचे प्रमाण जास्त असलेला, ऱ्हायोलाइट-डेसाइट या कुळातला.

८/२०
नऊ कोटी वर्षांपूर्वी या भागात लाव्हा का यावा? याचे उत्तर समुद्रापलीकडे, मादागास्करमध्ये आहे. त्या काळी मादागास्कर आपल्या पश्चिम किनाऱ्याला लागून होते. पुढे भूखंड ताणला गेला, चिरफळला आणि मादागास्कर वेगळे झाले. त्या चिरफाळ्यातून शिलारस वर आला. मादागास्करच्या पूर्व किनाऱ्यावर सुमारे ८.८ कोटी वर्षे वयाचे ज्वालामुखीजन्य खडक सापडतात. मलप्याची बेटे ही त्याच घटनेची अलीकडच्या बाजूला उरलेली खूण.

त्यानंतर भारत उत्तरेकडे सरकत राहिला, आणि पुष्कळ पुढे दुसऱ्याच एका उष्ण स्रोतावरून जाताना दख्खनचा लाव्हा वाहिला. मलप्याचा खडक हा एका फाळणीचा दस्तऐवज आहे. दख्खनचा दगड त्याच्या नंतरच्या प्रकरणातला.

९/२०
'ज्वालामुखीची बेटे' म्हटले की डोळ्यांपुढे धूर उभा राहतो. तसे बेट भारतात आहे, पण ते बंगालच्या उपसागरात. अंदमानातील बॅरन बेट पोर्ट ब्लेअरच्या ईशान्येस सुमारे १४० किलोमीटरवर आहे. तेही निर्मनुष्य. त्याच्या उद्रेकाची पहिली ज्ञात नोंद १७८७ सालची. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभानंतर ते दीर्घकाळ शांत राहिले आणि १९९१मध्ये पुन्हा जागे झाले. भारताचा एकमेव जागृत ज्वालामुखी तो हाच.

बॅरनची आग माणसांनी पाहिली आणि लिहून ठेवली. मलप्याची आग पाहायला पृथ्वीवर माणूसच नव्हता. तेथे आज ना विवर आहे, ना धूर. आगीचा साक्षीदार एकटा खडक.

१०/२०
आता दुसरा साक्षीदार : लेखी नोंद. वास्को द गामाच्या पहिल्या सफरीची एक रोजनिशी उपलब्ध आहे. ती सफरीतल्याच एका माणसाने लिहिली. लेखकाचे नाव हस्तलिखितावर नाही, पण बहुतेक अभ्यासक ती आल्व्हारो व्हेल्यो याची मानतात. ती छापून प्रसिद्ध झाली १८३८मध्ये, आणि हॅकल्यूट सोसायटीने तिचे इंग्रजी भाषांतर १८९८मध्ये काढले.

या रोजनिशीवर डोळे मिटून विश्वास ठेवता येत नाही. कालिकतमधल्या हिंदू देवळाला तिचा लेखक ख्रिस्ती चर्च समजला, हे प्रसिद्धच आहे. जे दिसले त्याचा अर्थ लावताना तो चुकतो. परंतु कोणत्या दिवशी जहाज कोठे होते, हे तो खलाशाच्या शिस्तीने नोंदवतो. आणि आपल्या प्रश्नाचे उत्तर नेमके तारखांतच आहे.

११/२०
तारखा क्रमाने पाहू. गामा लिस्बनहून निघाला ८ जुलै १४९७ रोजी. आफ्रिकेला वळसा घालून तो पूर्व किनाऱ्यावरील मालिंदीला आला. तेथून वाटाड्या घेऊन २४ एप्रिल १४९८ रोजी त्याने अरबी समुद्र ओलांडायला सुरुवात केली. १८ मे रोजी भारताचा किनारा दिसला. २० मे रोजी जहाजांनी कालिकतच्या जवळ नांगर टाकले.

१८ मे रोजी जी भूमी दिसली ती केरळच्या उत्तर भागातील एळिमलेच्या डोंगराची, असे मानले जाते. आता नकाशा उघडावा. एळिमला मलप्याच्या दक्षिणेस सुमारे दीडशे किलोमीटरवर आहे. कालिकत त्याच्याही दक्षिणेला. म्हणजे येताना गामाची जहाजे मलप्याच्या बाजूला आलीच नाहीत. किनारा गाठला तो मलप्याच्या खाली, आणि पुढची वाटचाल झाली ती आणखी खाली.

१२/२०
मग बेटांचा आणि गामाचा संबंध आला कोठून? तो आला परतीच्या वाटेवर.

कालिकतच्या सामुतिरी राजाशी गामाचे जमले नाही. त्याने आणलेल्या भेटवस्तू तेथल्या दरबाराला क्षुल्लक वाटल्या, माल खपेना, जकातीवरून वाद झाला, माणसे अडकवून ठेवण्यापर्यंत प्रकरण गेले. अखेर काही स्थानिक माणसे जबरदस्तीने जहाजावर ठेवून २९ ऑगस्ट १४९८ रोजी गामा निघाला. किनाऱ्याकाठाने तो उत्तरेकडे सरकत राहिला, आणि १५ सप्टेंबर रोजी किनाऱ्यापासून काही अंतरावर असलेल्या लहान बेटांपाशी पोहोचला. त्यांपैकी एका बेटावर त्याच्या माणसांनी एक दगडी स्तंभ उभारला आणि त्याला सांता मारिया हे नाव दिले.

म्हणजे कालिकत मे महिन्यातले, बेटे सप्टेंबरमधली. प्रचलित विधानाने हा क्रम नेमका उलटा केला आहे.

१३/२०
निघाल्यापासून सतरा दिवसांत त्याने कापलेले अंतर जेमतेम अडीचशे किलोमीटरांचे. याचे कारण वाऱ्यात आहे. भारतातून आफ्रिकेकडे जायला ईशान्येचे वारे लागतात, आणि ते हिवाळ्याच्या तोंडावर स्थिरावतात. ऑगस्टअखेर निघालेल्या शिडाच्या जहाजाला या समुद्रात अनुकूल वारा मिळणे कठीण. अरब आणि गुजराती व्यापाऱ्यांना हे वेळापत्रक पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते. भांडून निघालेल्या गामाला थांबायला सवड नव्हती.

बेटांनंतर तो कारवारजवळच्या अंजदीव बेटावर थांबला आणि ५ ऑक्टोबर रोजी समुद्र ओलांडायला निघाला. येताना सुमारे तेवीस दिवसांत पार केलेल्या समुद्राने जाताना जवळजवळ तीन महिने घेतले. आफ्रिकेचा किनारा दिसला २ जानेवारी १४९९ रोजी. तोवर स्कर्व्हीने सुमारे तीस माणसे दगावली होती.

१४/२०
तो स्तंभ म्हणजे काय होते, हेही समजून घेतले पाहिजे. पोर्तुगीज त्याला 'पाद्रांव' म्हणत. वर क्रूस, अंगावर पोर्तुगालच्या राजाचे चिन्ह. पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात दिओगो कांवने आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर असे स्तंभ रोवले होते. 'आम्ही येथवर आलो' ही नोंद आणि 'यावर आमचा हक्क' हा दावा, असे दोन्ही अर्थ त्यात असत.

राजा मॅन्युएलने गामाबरोबर दिलेल्या तीन स्तंभांची नावे सांव राफाएल, सांव गाब्रिएल आणि सांता मारिया. पहिला मोझांबिकच्या किनाऱ्यावरील एका नदीच्या मुखाशी लागला, दुसरा कालिकतसाठी होता, तिसरा या बेटावर आला. दूर देशातून वाहून आणलेला तो दगड आज बेटावर दिसत नाही. नाव मात्र राहिले. रोजनिशीतली बेटे म्हणजे मलप्यासमोरचीच, ही ओळख मुख्यतः या टिकलेल्या नावावर आधारलेली आहे.

१५/२०
नाव राहिले, पण ते पहिले नव्हे. या बेटांना स्थानिक नाव आहे : तोन्सेपार. तोन्से हा मलप्याच्या उत्तरेकडचा किनारपट्टीचा भाग. तुळुनाडूतले मोगवीर कोळी या पाण्यात मासेमारी करत आले आहेत, आणि समुद्रात खडक कोठे आहे हे त्यावर जाळे आणि होडी सांभाळणाऱ्याला आधी कळते.

हा किनारा जगापासून तुटलेलाही नव्हता. उडुपीच्या कृष्णमूर्तीची परंपरा सांगते, की तेराव्या शतकातील मध्वाचार्यांना ती मूर्ती मलप्याच्या किनाऱ्यावर संकटात सापडलेल्या एका जहाजातून मिळाली. कथेचा धार्मिक अर्थ ज्याचा त्याने लावावा. इतिहासाच्या दृष्टीने तिचा एवढाच बोध पुरे : या किनाऱ्याच्या स्मृतीत दूरवरून येणारी जहाजे गामाच्या आधीपासूनच होती.

१६/२०
चार बेटांपैकी एकाच्या नावात 'गड' आहे, हे आपल्या लक्षात आले असेल. दर्याबहादूरगड हा किल्ला केळदीच्या बसप्पा नायकाने बांधला असे मानले जाते. केळदीचे नायक, म्हणजेच इक्केरी-बिदनूरचे राजघराणे. मलप्याचा किनारा त्यांच्या सत्तेखाली होता.

मराठी वाचकाला हे घराणे परके नाही. १६८९मध्ये संभाजी महाराजांच्या हत्येनंतर राजाराम महाराज पन्हाळ्याहून जिंजीकडे निघाले, तेव्हा वाटेत त्यांना आश्रय देणारी केळदीची राणी चेन्नम्मा. त्यासाठी तिने औरंगजेबाच्या फौजेचा रोष ओढवून घेतला. बसप्पा हा तिचाच दत्तक पुत्र. महाराष्ट्र आणि हा किनारा यांच्यातला धागा पुराव्याने जोडायचा, तर तो येथे जोडता येतो.

१७/२०
आणखी एक धागा जोडण्याचा मोह होतो, आणि तो टाळला पाहिजे. फेब्रुवारी १६६५मध्ये शिवाजी महाराजांनी मालवणहून आरमार घेऊन बसरूरवर स्वारी केली. बसरूर बिदनूरच्याच राज्यातले संपन्न बंदर, आणि मलप्यापासून ते फार दूर नाही. तेव्हा 'महाराजांच्या आरमाराने सेंट मेरी बेटे पाहिली' असे वाक्य लिहायला कोणाचाही हात शिवशिवेल.

पण बसरूर मलप्याच्या उत्तरेला आहे. मालवणहून दक्षिणेकडे येणारे आरमार बसरूरला आधी पोहोचते; परतताना महाराज गोकर्णाकडे, म्हणजे पुन्हा उत्तरेला गेले. या मार्गावर मलपे येत नाही. जो नकाशा गामाविषयीच्या दंतकथेविरुद्ध वापरला, तोच आपल्याला प्रिय असलेल्या कल्पनेलाही लावावा लागतो. गामाला एक न्याय आणि महाराजांना दुसरा, असे इतिहासात चालत नाही.

१८/२०
आता तिसरा साक्षीदार, नाव. ते कसे फसवते याचे उदाहरण आपल्याच किनाऱ्यावर आहे. सिंधुदुर्ग जिल्ह्यात वेंगुर्ल्यासमोर खोल पाण्यात उघड्या खडकांचा एक समूह आहे. तोही निर्मनुष्य, तेथे जहाजांसाठी दीपगृह आहे, आणि खडकांतल्या गुहांत भारतीय पाकोळ्या घरटी करतात. पोर्तुगिजांनी या खडकांना 'जळकी बेटे' म्हटले, आणि इंग्रजी नकाशांतही तोच अर्थ 'बर्न्ट आयलंड्स' म्हणून उतरला.

नाव वाचून कोणीही म्हणेल, येथे ज्वालामुखी असणार. परंतु कोकणच्या किनाऱ्यावर मानवी इतिहासात एकही ज्वालामुखी जागा झालेला नाही. ज्यांनी हे नाव दिले त्यांनी तेथे आग पाहिलेली असणे शक्य नाही. गंमत अशी, की जी बेटे खरोखर आगीतून जन्मली त्यांना मेरीचे नाव मिळाले, आणि 'जळकी' हे नाव भलतीकडेच गेले. नाव देणाऱ्याच्या नजरेचा इतिहास नावात असतो. भूमीचा असेलच असे नाही.

१९/२०
सप्टेंबरऐवजी मे म्हटले, त्याने असे काय बिघडले, असा प्रश्न कोणी विचारील. बिघडते ते असे : 'सर्वांत आधी येथे' या शब्दांनी बेटाचा इतिहास १४९८पासून सुरू होतो. त्याआधीचे तोन्सेपार पुसले जाते, कोळी पुसले जातात, आणि राजाशी भांडून, माणसे पळवून, प्रतिकूल वाऱ्यात रडतखडत निघालेला प्रवासी विजयी शोधक बनून येथे उतरतो. क्रम बदलला की कथेचा नायकही बदलतो.

खडकाकडे दुर्लक्ष केल्याची किंमत तर आणखी मोठी. गिल्बर्ट हिलभोवतालचा दगड बांधकामासाठी फोडला गेला. आज ती टेकडी इमारतींच्या गर्दीत एकाकी सुळक्यासारखी उरली आहे. सेंट मेरी बेटांना भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक म्हणून मान्यता दिली आहे. पण स्मारक टिकते ते पाहणाऱ्याला त्याचे मोल कळले तर. हस्तलिखिताची नक्कल करून ठेवता येते, फोडलेल्या खांबाची येत नाही.

२०/२०
सारांश :

• सेंट मेरी बेटे ज्वालामुखीजन्य आहेत, पण दख्खनच्या लाव्हाची नाहीत; ती त्याहून सुमारे दोन कोटी वर्षांनी जुनी, मादागास्कर भारतापासून तुटतानाची.
• वास्को द गामा भारतात प्रथम येथे उतरला नाही. तो मे १४९८मध्ये कालिकतजवळ उतरला. स्तंभ उभारला तो परतताना, १५ सप्टेंबर रोजी.
• 'सांता मारिया' हे नाव त्या स्तंभाचे होते. बेटांना स्थानिक नाव आहे, ते तोन्सेपार.
• केळदीच्या नायकांमुळे हा किनारा मराठ्यांच्या इतिहासाला जोडलेला आहे. बसरूरच्या स्वारीचा मार्ग मात्र या बेटांवरून जात नाही.

मलप्याला जाणे झाले, तर खांबांजवळ थोडे थांबा आणि त्यांच्या बाजू मोजा. सोबतच्या कोणी 'गामा पहिल्यांदा इथेच उतरला' असे सांगितले, तर वाद घालू नका. नकाशा उघडून आधी एळिमला आणि मग मलपे दाखवा. तेवढे पुरेसे आहे.

थ्रेड समाप्त. शंका आणि दुरुस्त्या खाली अवश्य लिहा. फक्त सोबत आधारही सांगा.